शिरोरेषा आडवी, काना उभा : सीएनसी राउटरवर लाकडी पाटी कोरताना

दारावरच्या लाकडी पाटीची ऑर्डर घेतली की कोल्हापुरातलं गिऱ्हाईक अक्षर कसं असेल हे नंतर विचारतं. आधी विचारतं, "पावसात टिकंल न्हवं?" प्रश्न रास्त आहे. जून ते सप्टेंबर इथली हवा अशी असते की कपाटाची दारं फुगतात, मग दारावरची फळी कशी गप्प बसेल? त्यामुळे पाटीचं निम्मं काम मशीन (संगणकाच्या हुकमानं बिट, म्हणजे फिरतं पातं, चालवून कोरणारा सीएनसी राउटर) सुरू करण्याआधीचं आहे, आणि मशीन बंद केल्यावरही थोडं उरतंच.

इथे एकच पाटी धरून चालू : १२ इंच लांब, ६ इंच रुंद, ६ सूत जाड, म्हणजे साधारण ३०५ × १५२ × १९ मिमी. वरच्या ओळीत घराचं नाव 'मातोश्री', खाली आडनाव 'शिंदे'. अक्षरं आत कोरलेली. नवख्यानं पहिल्या चार-पाच पाट्या अशाच कराव्यात. उठावाची अक्षरं का नकोत, ते पुढे येईल.

मशीन

लगेच विकत घ्यायची घाई नको. शहरात जाळी कटिंगची दुकानं आहेत, त्यांच्याकडे ४ × ८ फुटांचे राउटर असतात. डिझाइन आणि टूलपाथ (बिटानं चालायचा रस्ता) घरी तयार करून तिथे तासाच्या दरानं पाटी कोरून घेता येते. चुका दुसऱ्याच्या मशीनवर शिकलेल्या बऱ्या, फक्त तुटलेल्या बिटाचे पैसे आपले. विकतच घ्यायचं असेल तर ३०१८ नावाचं छोटं मशीन घेण्याआधी पट्टी लावून बघा. त्याचा बेड, म्हणजे फळी ठेवायची जागा, ३०० × १८० मिमी, म्हणजे आपली १२ इंची पाटी त्यावर ५ मिमीनं बसत नाही. ६०० × ४०० मिमीचा बेड आणि दीड किलोवॉटचा स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) असेल तर पाट्यांचं काम आरामात होतं.

उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावात व्हीएमसी (धातू कापणारं सीएनसी मशीन) चालवणाऱ्यांना हे काम पटकन जमतं. जी-कोड (मशीनला द्यायच्या सूचना) येतो, वर्क ऑफसेट (कामाच्या शून्याची जागा) कळतो, शून्य घ्यायची सवय असते. पण एक सवय मोडावी लागते. लोखंडावर आवाज बदलला की हात आपोआप फीड (बिट पुढे सरकायचा वेग) कमी करतो. लाकडावर तेच केलं तर बिट जागच्या जागी घासतं, तापतं, आणि अक्षराच्या कडा काळ्या पडतात. इथे कूलंट नाही. उष्णता बाहेर नेतो तो भुसा, म्हणून भुसा जाड निघाला पाहिजे. चिमटीत धरल्यावर कण लागले तर ठीक. मैद्यासारखं पीठ निघत असेल तर फीड वाढवा किंवा आरपीएम उतरवा.

लाकूड

सागवान पहिल्या पसंतीचं, आणि बाहेरच्या पाटीसाठी ते योग्यच आहे. त्याच्यात तेल असतं म्हणून पाणी सोसतं. पण त्याच्यात वाळूसारखी सिलिकाही असते, म्हणून बिटाची धार लवकर जाते. शिवण कोरायला मऊ, रंगानं फिकट, आणि वाकत कमी. शिसव देखणं असतं, पण कठीण आणि महाग, पहिल्या पाटीला नको. पॅकिंग पेट्यांचं पाइन स्वस्तात मिळतं, मात्र त्याच्यात मऊ आणि कडक पट्टे आलटून पालटून असतात, त्यामुळे बारीक अक्षराची कड कुसळते. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) घरातल्या पाटीला चालतं. बाहेर लावलं की पहिल्याच पावसाळ्यात कडेनं फुगतं.

पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळालं तर नशीब. वर्षानुवर्षं मुरलेलं ते लाकूड हलत नाही. फक्त त्याच्या पोटात खिळे असतात. वरून भोक बुजलेलं, रंग चढलेला, आत खिळा तसाच. कार्बाइडचं बिट खिळ्याला लागलं की काचेसारखं फुटतं आणि तुकडा कुठेही उडतो. फळी आधी रंध्यानं साफ करा, मग जोरकस लोहचुंबक तिच्यावरून इंच इंच फिरवा. पितळी खिळा चुंबकाला लागत नाही, म्हणून काळपट गोल डाग दिसेल तिथे टोच्यानं टोचून बघा.

ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. मीटर नसेल तर निदान दोन-तीन आठवडे फळ्या खोलीत, एकावर एक, मध्ये पट्ट्या ठेवून रचून ठेवा, म्हणजे सगळ्या बाजूंनी हवा लागेल. पावसाळ्यात वखारीतून आणलेली फळी त्याच दिवशी कोरायला घेऊ नका. वरचा थर काढला की आतला ओला भाग उघडा पडतो आणि दुसऱ्या दिवशी पाटीला बाक आलेला दिसतो. ६-७ इंचांपेक्षा रुंद पाटी एका फळीची करण्यापेक्षा तीन-तीन इंची पट्ट्या जोडून केलेली बरी. साग तेलकट असल्यानं चिकटवण्याआधी जोडाची कड थिनरनं पुसावी लागते, नाहीतर गोंद धरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं : लाकडाच्या रेषा पाटीच्या लांबीबरोबर, म्हणजे आडव्या, धावल्या पाहिजेत. आपली शिरोरेषाही आडवीच धावते, म्हणून ती कोरताना बिट रेषांबरोबर चालतं आणि कड स्वच्छ निघते. काना आणि अक्षरांचे दंड मात्र रेषांना कापत जातात. कपची उडते ती तिथे, रंग पसरतो तो तिथे, आणि उठावाचं अक्षर मोडतं तेही तिथेच.

उठावाच्या अक्षरात आजूबाजूचं लाकूड काढून अक्षर उभं ठेवतात. त्यातला काना समजा २ मिमी रुंद राहिला, तर त्याच्यातले तंतूही २ मिमीच लांबीचे उरतात. ते बोटाच्या दाबानं निखळतात. म्हणून उठावात दंडाची जाडी ४ मिमीच्या खाली नको आणि अनुस्वाराचा टिंब ५ मिमीपेक्षा लहान नको. 'शिंदे' मधला टिंब उडून 'शिदे' झालं, तर ते पुन्हा चिकटवून लपत नाही.

अक्षर

आधी उंचीचा हिशेब कागदावर मांडा. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना जागा लागते, आणि खाली उकार असेल तर खालीही. आपल्या १५२ मिमीत : वरचा समास २०, 'मातोश्री' च्या मात्रांना ९, अक्षर २५, मधली जागा १२, 'शिंदे' च्या वेलांटी-मात्रेला १६, अक्षर ४५, खालचा समास २०. बेरीज १४७. जेमतेम बसलं. आडनाव 'कुंभार' असतं तर खालच्या उकाराला आणखी १५ मिमी लागले असते आणि अक्षर लहान करावं लागलं असतं.

फॉन्ट ठळक घ्या. 'मुक्ता' किंवा 'बालू' मोफत मिळतात आणि कोरायला चांगले आहेत. लेखणीच्या वळणाचे, एकीकडे जाड आणि दुसरीकडे केसासारखे बारीक होणारे फॉन्ट पडद्यावर छान दिसतात, पण व्ही-बिट (V सारखं टोकदार बिट) बारीक जागी जेमतेम ओरखडा काढतं. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे हवे असतील तर मजकुराची भाषा मराठी अशी निवडा. काही फॉन्ट त्यानुसार रूप बदलतात. दारावर हिंदी वळणाचा 'श' लागला तर गिऱ्हाईक बोलत नाही, शेजारी बोलतो.

मजकूर थेट कॅम (टूलपाथ बनवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये टाइप करू नका. बरीच सॉफ्टवेअर्स देवनागरीची जोडणी नीट करत नाहीत. पहिली वेलांटी 'श' च्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते, 'श्री' चा पाय मोडून 'श्' आणि 'री' वेगळे होतात. इंकस्केप किंवा कोरलड्रॉमध्ये युनिकोडात लिहा, घरातल्या मोठ्या माणसाकडून वाचून घ्या, आणि मग त्याची बाह्यरेषा करा. इंकस्केपमध्ये क्रम असा : ऑब्जेक्ट टू पाथ, अनग्रुप, सगळं निवडून युनियन. कोरलमध्ये कन्व्हर्ट टू कर्व्ह आणि मग वेल्ड.

ही युनियनची पायरी नवखे हमखास विसरतात. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर सगळं काळं भरलेलं असल्यानं ते दिसत नाही. मशीनला मात्र बाह्यरेषा दिसते. दोन शिरोरेषा जिथे एकमेकींवर येतात तो भाग सॉफ्टवेअर भोक समजतं आणि न कोरता सोडतं. मग पाटीवर शिरोरेषेत दर अक्षरापाशी लाकडाचा एक उभा दात उभा राहतो. तो नंतर पटाशीनं काढता येतो, पण कोरीव उतार काही जुळत नाही. युनियन केल्यावर आउटलाइन दृश्यात जाऊन प्रत्येक सांधा मोठा करून बघा. आत एकही आडवी-उभी रेघ उरता कामा नये.

फाइल एसव्हीजी किंवा डीएक्सएफ. कॅममध्ये आणल्यावर पहिलं काम रुंदी मोजणं. २५.४ पट मोठं आलं तर मिमी आणि इंचांचा घोळ आहे. साधारण ७ टक्के लहान-मोठं आलं तर इंकस्केपच्या जुन्या-नव्या आवृत्तीतला ९० आणि ९६ डीपीआयचा फरक आहे.

बिट आणि खोली

अक्षरासाठी व्ही-बिट. त्याची खोली आपण ठरवत नाही, अक्षराची रुंदी ठरवते. रेघ जितकी रुंद तितकं बिट खाली जातं. ९० अंशाच्या बिटाला खोली रुंदीच्या निम्मी, ६० अंशाच्या बिटाला रुंदीच्या ०.८७ पट. शिरोरेषा ६ मिमी रुंद असेल तर ९० अंशाचं बिट ३ मिमी खोल जाईल आणि ६० अंशाचं ५.२ मिमी. लांबून वाचायच्या पाटीला ६० अंश बरं, सावली जास्त पडते. पातळ फळीला ९०. फाउंड्रीच्या पॅटर्नला (ओतकामाच्या नमुन्याला) जसा ढाळ देतात, तसा उतार या बिटातून आपोआप मिळतो, त्यामुळे कडा सहसा तुटत नाहीत. रेघ बिटाच्या व्यासापेक्षा रुंद असेल तर सॉफ्टवेअरमध्ये सपाट तळाची खोली द्या, उदाहरणार्थ ५ मिमी. तळ आधी एंड मिलनं (सपाट टोकाच्या बिटानं) साफ होतो आणि व्ही-बिट फक्त कडा आणि कोपरे करतं.

याच हिशेबाची दुसरी बाजू बहुतेक पाट्या बिघडवते. फळी एका टोकाला फक्त अर्धा मिमी उंच असली, तर ९० अंशाच्या बिटानं तिथली रेघ १ मिमी जाड होते. 'मा' ठसठशीत आणि 'श्री' रोडावलेली, असं दिसलं की दोष फॉन्टचा नाही, फळी सपाट नाही. म्हणून फळी बेडवर बसवल्यावर त्याच मशीनवर २५ मिमीच्या सरफेसिंग बिटानं वरून अर्धा मिमीचा हात फिरवून घ्या आणि फळी काढू नका. त्याच बसवणीत अक्षर कोरा. बेडवर टाकलेला १८ मिमीचा एमडीएफही असाच अधूनमधून सपाट करावा लागतो, विशेषतः पावसाळ्यात.

वेगाचा हिशेब सोपा आहे : आरपीएम × धारांची संख्या × दर धारेला काढायचा भुसा. १८,००० × २ × ०.०५ म्हणजे मिनिटाला १,८०० मिमी. सागावर ६ मिमीच्या दोन धारी एंड मिलला हा फीड आणि एका पासाला (फेरीला) ३ मिमी खोली चालते. व्ही-बिटाला १,२०० ते १,५०० फीड, प्लंज (खाली उतरायचा वेग) ४००. छोट्या, हलक्या मशीनवर फीड ५०० च्या आसपास आणि पासाला अर्धा ते एक मिमी. आरपीएमही त्या प्रमाणात उतरवा, नाहीतर जळेल.

बसवणं आणि शून्य

क्लॅम्प लावायचा असेल तर फळी दोन्ही टोकांना ४०-४० मिमी लांब ठेवा आणि स्क्रू त्या वाया जाणाऱ्या भागात मारा. कमी फळी असेल तर बेडला आणि फळीच्या पाठीला मास्किंग टेप चिकटवून दोन टेपांच्या मध्ये सुपर ग्लू लावतात. निघतंही स्वच्छ. पीळ असलेली फळी क्लॅम्पनं दाबून सरळ करू नका. कोरून झाल्यावर क्लॅम्प सोडलात की पीळ परत येतो, आता अक्षरासकट.

कोलेट (बिट धरणारी पकड) काढून ब्रशनं साफ करा. त्यात भुसा अडकला की बिट घट्ट धरलं जात नाही आणि काम चालू असताना हळूहळू खाली सरकतं. कोरण्यासाठी झेडचं (उंचीचं) शून्य फळीच्या वरच्या पृष्ठावर घ्या : साधा कागद बिटाखाली सरकवत राहा, अडकला की थांबा, ०.१ मिमी कागदाचे वजा. आरपार कापायचं असेल तर शून्य बेडवर घेतलेलं बरं, म्हणजे फळीची जाडी थोडी चुकली तरी बेड खरवडला जात नाही. बिट बदललं की झेड पुन्हा घ्यायचंच. एक्स-वाय ला हात लावायचा नाही.

पहिल्यांदा झेड २० मिमी वर ठेवून हवेत चालवा. क्लॅम्पवरून बिट जातंय का ते इथेच कळतं. मग क्रम : सरफेसिंग, एंड मिल असेल तर ती, व्ही-बिट, आणि सर्वांत शेवटी पाटीची बाहेरची कड. कड आधी कापली तर पाटी सैल होते. कापताना चार-सहा ठिकाणी ३ मिमी जाडीचे टॅब (न कापलेले जोड) सोडा आणि नंतर करवतीनं तोडा.

हातमोजे घालून फिरत्या बिटाजवळ जायचं नाही. गळ्यातला टॉवेल काढून ठेवायचा. चष्मा आणि एन-९५ मास्क हवाच, सागाच्या बारीक धुळीनं शिंका आणि खाज सुटते. धूळ ओढणाऱ्या पिशवीकडे काम संपल्यावर अर्धा तास लक्ष ठेवा. बोथट बिटाची ठिणगी भुशात जाऊन धुमसत बसते.

वीज गेली तर लगेच पुन्हा स्टार्ट दाबू नका. बिट लाकडात अडकलेलं असतं. आधी स्पिंडल हातानं फिरवत झेड वर घ्या, होमिंग करा (मशीन मूळ जागी न्या), जतन केलेला वर्क ऑफसेट परत घ्या, आणि थांबलेल्या ओळीच्या थोडं आधीपासून सुरू करा. होमिंग स्विच नसलेल्या मशीनवर हे जमत नाही. म्हणून निदान कंट्रोलरला आणि संगणकाला यूपीएस लावा.

बिघडलं तर

खोली सुरुवातीला बरोबर आणि शेवटी जास्त : कोलेटमधून बिट सरकलंय. अक्षर मध्येच दोन मिमी बाजूला सरकलं आणि पुढे तसंच राहिलं : मोटरच्या पावलांनी दगा दिलाय. कपलिंगचा ग्रब स्क्रू बघा, प्रवेग कमी करा. अनुस्वार गोल येण्याऐवजी लांबट आला : स्क्रू-नटमध्ये ढिलाई आहे. देवनागरीचा टिंब ही या दोषाची उत्तम परीक्षा, फळीच्या तुकड्यावर आधी तोच कोरून बघावा. कानाच्या एकाच बाजूला कपची निघते : बिट बोथट आहे किंवा रेषा तिकडे तिरक्या चढल्यात. ०.३ मिमी लाकूड ठेवून पहिला पास करा आणि शेवटचा पास उलट दिशेनं द्या.

गणपतीसारखा उठाव हवा असेल तर फोटो थेट उंचीत बदलू नका. फोटोतला उजेड म्हणजे उंची नव्हे, सोंडेवरचा चकाकता ठिपका सुळक्यासारखा वर येतो. एसटीएल (त्रिमितीय) मॉडेल घ्या. वेळेचा अंदाज आधी सांगा : २०० × १५० मिमीचा गणपती ०.२५ मिमीच्या अंतरानं फिनिश केला तर ६०० फेऱ्या, म्हणजे १२० मीटर. २,००० फीडला निव्वळ एक तास. वळणांवर मशीन मंदावतं ते वेगळं, आणि रफिंगही (आधीचं ढोबळ कोरणं) वेगळं.

रंग आणि बसवणी

कोरल्याबरोबर अक्षरात काळा रंग ओतू नका. आधी सीलरचा (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचा) एक हात सगळीकडे, अक्षराच्या आतही. वाळला की दुसरा. दंड आणि काने कापताना तंतूंची तोंडं उघडी पडलेली असतात. ती सीलरनं बंद केली नाहीत तर रंग नळीतून जावा तसा आडवा सरकतो आणि प्रत्येक काना दोन्ही बाजूंनी मिशा फुटल्यासारखा दिसतो. शिरोरेषेला तेवढं होत नाही, म्हणून चूक अर्ध्या पाटीवरच दिसते आणि कारण लक्षात येत नाही. सीलर वाळल्यावर रंग भरा, पूर्ण वाळू द्या, आणि सपाट ठोकळ्यावर गुंडाळलेल्या १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं वरचा सांडलेला रंग काढा. बोटानं पेपर दाबला तर कडा गोल होतात. मग २२०, ३२०, आणि बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) दोन-तीन हात.

पाठीलाही तेवढेच हात द्या. समोर तीन आणि पाठ कोरडी ठेवली तर पावसात पाठ ओलावा पिऊन फुगते, समोरची बाजू तशीच राहते आणि पाटी बशीसारखी पुढे वळते. "पावसात टिकंल न्हवं" चं निम्मं उत्तर या न दिसणाऱ्या बाजूवर आहे.

स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. साध्या लोखंडी स्क्रूभोवती सागावर काळा ओघळ उतरतो. ४ मिमी स्क्रूला भोक ५ मिमीचं ठेवा, लाकडाला रुंदीत थोडी हालचाल करायला जागा लागते. भिंत आणि पाटी यांच्यात ५-६ मिमी जाडीचे वॉशर घाला, म्हणजे प्लास्टरची ओल पाठीला लागणार नाही आणि मागून वारा खेळेल.